खळ्यावरची हाक

मुरलीला मी मारला नाही. मारायचं मनातच आलं नाही असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? कोयता घरात होता, आणि त्याची मान वर्षभर माझ्यासमोर वाकलेली होती, कारण माझं शेत तोच नांगरत होता. पण मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही. मला तो जिवंत हवा होता.

पापनाशमच्या अलीकडे, कालव्याच्या काठाला आमचं गाव. गावात मराठी बोलणारी घरं दोनच. एक आमचं आणि एक माझ्या चुलतदिराचं, मुरलीकृष्णाचं. मधे एक भिंत. बाकी आमचे लोक कधीच तंजावूरला गेले, कुणी शाळेत मास्तर झाले, कुणी बँकेत चिकटले. आम्ही चिखलात राहिलो. घराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. शेतात तमिळ, दुकानात तमिळ, देवळात तमिळ. मराठी उंबऱ्याच्या आत. तीही आता किती? माझी मुलगी शांभवी तंजावूरच्या कॉलेजात शिकते. मी मराठीत विचारते, ती तमिळमध्ये उत्तर देते. सगळं कळतं तिला, जीभ वळत नाही.

शांभवीचे अप्पा, वेंकटराव, मात्र पक्के. बाहेर अस्सल तमिळ बोलतील, पण मुरली समोर दिसला की मराठी. मग शेजारी कुणीही बसलेलं असो. "आपल्या माणसाशी परक्या भाषेत कशाला बोलायचं?" म्हणायचे. मुरलीचा बाप लवकर गेला, तेव्हापासून त्याला ह्यांनीच शेती शिकवली. पाणी कसं फिरवायचं, रोप कधी उपटायचं, सगळं. मुरलीही त्यांना अण्णा अण्णा म्हणून मागे मागे फिरायचा.

गेल्या वर्षीच्या मासी महिन्यात, म्हणजे थंडी सरत आली असताना, आमचं सांबा, म्हणजे लांब मुदतीचं भात निघालं. यंत्रानं कापलं, आणि मुरलीच्या छोट्या हत्तीतून, ती चार चाकांची लहान गाडी, खेपा करून सरकारी खरेदीच्या खळ्यावर नेऊन टाकलं. दोन्ही घरांच्या राशी शेजारी शेजारी. खळं म्हणजे उघडं मैदान, मधे एक पत्र्याची शेड, शेडमध्ये काटा. नंबर येईल तेव्हा माप. तोवर प्रत्येकानं आपल्या राशीपाशी बसायचं, झोपायचं, वर बघत राहायचं. भात ओलं झालं की घेत नाहीत. म्हणून ढग आला की खळ्यावर माणसाला माणूस दिसत नाही, नुसती ताडपत्री दिसते. राशीत उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागे काय येतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

त्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. आभाळ भरून आलं होतं. हमालांची पळापळ, काट्यावर आरडाओरडा. हे आपल्या राशीला टेकून बसले होते. मला वाटलं, डोळा लागला. हाक मारली तर पापण्या उचलेनात. ओठ हलत होते, पण जीभ आत पडल्यागत. घोट्याच्या वर दोन ठिपके, आणि पाय हा एवढा सुजलेला.

"पांबु!" म्हणून मी किंचाळले. साप म्हणायला तमिळमध्ये पांबु. आणि खरं सांगते, तो एक शब्द तोंडातून निघायचा अवकाश, अख्खं खळं धावलं. हातातली ताडपत्री टाकून धावलं. कलियपेरुमाळ म्हणून हमालांचा पुढारी आहे, दांडगा माणूस, त्यानं ह्यांना पाठीवर घेतलं. मुरलीनं गाडीतली आपली पोती भराभरा खाली ढकलली, स्वतः गाडी चालवली, रडत रडत चालवली. दवाखान्यात डॉक्टरनं नाडी धरली आणि सोडली. "थोडं आधी आणलं असतं तर," म्हणाला. सगळेच डॉक्टर तसं म्हणतात, असं मला तेव्हा वाटलं.

तिरडीला पुढचा खांदा मुरलीनं दिला. तेराव्याला पहिल्या पानावर मी त्याला बसवला. भातावर तूप मी माझ्या हातानं वाढलं. "अण्णासाठी तू धावलास रे," म्हटलं. त्यानं मान वर केली नाही. मला वाटलं दुःख आहे.

त्यानंतर मुरलीनं माझं शेत उचललं. न सांगता नांगरलं. बांध घातले, पाणी वळवलं, आधी माझे वाफे भरायचा, मग स्वतःचे. लावणीच्या बायका आधी माझ्याकडे पाठवायचा. डिझेलचे पैसे घे म्हटलं तर हात जोडायचा, "वैनी, अण्णाचं ऋण आहे." गावात त्याचं नाव झालं. देवळापाशी लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मीही म्हणायचे, काय सांगू तुम्हाला.

ऐप्पसीत, दिवाळीच्या सुमाराला, कुरुवै, म्हणजे थोड्या मुदतीचं भात निघालं. मी पहिल्यांदाच एकटी खळ्यावर बसले. बाईमाणूस म्हणून हमालांनी मला शेडजवळची जागा दिली, कलियपेरुमाळनं चहा आणून दिला. चांगले लोक. दुपारी काट्यावर कुणीतरी नंबर सोडून मधे घुसला. हमाल खवळले, आणि त्यांतला एक पोरगेला गडी हात नाचवत ओरडला:

"साबु सावला रे! साबु सावला!"

सगळे फिदीफिदी हसले. दुसऱ्यानंही ओरडून घेतलं. घुसलेला माणूस लाजून मागे सरकला.

माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. भाजलेलं मला नंतर कळलं.

"काय रे ते?" मी विचारलं. "काय म्हणतोय तो?"

कलियपेरुमाळ ओशाळला. त्यानं पोराला एक टपली मारली. "माफ करा अम्मा. तुमच्या भाषेतली शिवी आहे. पोरं शिकलीत, आता कुणी नंबर तोडला की तेच ओरडतात."

"शिवी? कुणी शिकवली?"

तो मान खाजवायला लागला. "कसं सांगू अम्मा. त्या दिवशी... तुमचे अय्या, वेंकटराव अय्या. ढग आले होते. मुरली अण्णाचं भात काट्यावर चढलं होतं. अय्या आपल्या राशीपासून ओरडले, साबु सावला रे मुरली, असं काहीतरी. दोनदा-तीनदा ओरडले. मी विचारलं, काय म्हणताहेत? मुरली अण्णा हसले. म्हणाले, काही नाही रे, माझा नंबर आधी लागला म्हणून शिव्या घालतोय, घालू दे. मग आम्हीपण हसलो. अय्या खाली बसले. आम्हाला वाटलं, रुसले." त्यानं डोळे पुसले. "माझ्या मनात राहून गेलंय अम्मा. दोघं भाऊ, आणि शेवटचं बोलणं शिव्यांचं व्हावं."

माझ्या नवऱ्यानं जन्मात शिवी दिली नाही. बैलाला दिली नाही.

तमिळ जिभांवर मोडलेले ते दोन शब्द मी मनात नीट केले, आणि मला सगळं दिसलं. ते ताडपत्रीखाली हात घालताहेत. पायाला काहीतरी लागतं. खळ्यावर माणसंच माणसं, 'पांबु' म्हणून एकदा ओरडले असते तर जगले असते. पण समोर आपला माणूस उभा, हातानं वाढवलेला, शेजारी त्याची गाडी. मग परक्यांना कशाला हाक मारायची? आपल्या माणसाला आपल्या भाषेत हाक मारली. तीच चूक झाली. त्या हाकेचा अर्थ कळणारा खळ्यावर एकच जण होता, आणि त्याचं भात काट्यावर होतं. काटा सोडला तर नंबर जाणार, आणि आभाळ तर फाटायला आलेलं.

"अम्मा, त्याचा अर्थ काय हो?" त्या पोरगेल्या गड्यानं विचारलं.

"वाईट आहे," मी म्हटलं. "बायकांनी सांगायचं नसतं."

ते पुन्हा हसले. मीही हसले. दात दाखवले म्हणा.

तेवढ्यात मुरली आला, माझी पोती खांद्यावर घेऊन काट्याकडे निघाला. पाठ घामानं निथळत होती. "वैनी, सावलीत बसा. मी बघतो," म्हणाला. मी सावलीत बसले आणि बघत राहिले.

दिवाळी झाल्यावर तंजावूरला गेले. भरद्वाज माझा धाकटा मामेभाऊ, कोर्टात वकिली करतो. आमच्या लोकांतला. खुर्चीला काळा कोट, टेबलावर फायलींचा ढीग. कॉफी मागवली, दार लावून घेतलं, सगळं ऐकलं. ऐकताना दोनदा 'छे' म्हणाला.

"कुठल्या कलमात घालशील?" मी विचारलं.

"विशालाक्षी अक्का, नुसतं बघत राहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही."

"माणूस मरतोय आणि हा भात मापतोय, तो गुन्हा नाही?"

"ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याची गोष्ट वेगळी. बापानं मुलाला टाकलं, डॉक्टरनं पेशंटला सोडलं, ज्याच्या गाडीनं उडवलं तोच पळाला, तर बोलता येतं. पण चुलतभाऊ? शेजारी? रस्त्यावरचा माणूस? त्यानं धावलंच पाहिजे असा कायदा नाही. अपघातात जो धावतो, त्याला पोलिसांनी छळू नये, एवढा मात्र आहे."

"म्हणजे धावणाऱ्यासाठी कायदा, आणि उभ्या राहणाऱ्याला मोकळीक."

"काही देशांत आहे तसा कायदा. आपल्याकडे असावा का, त्यावर वाद आहेत. एखादा भीतीनं गोठतो, अक्का. एखाद्याला काय करावं तेच सुचत नाही. त्या सगळ्यांना आत टाकायचं?"

"हा गोठला नव्हता. ह्यानं हसून सांगितलं, शिव्या देतोय म्हणून. लोक विचारत होते, त्यांना ह्यानं अडवलं."

भरद्वाजनं चष्मा काढला. "ते वाईट आहे. त्यावर कदाचित काही करता येईल. पण सिद्ध कसं करणार? हाक ऐकली किती जणांनी?"

"खळंभर माणसांनी."

"समजली किती जणांना?"

मी मनात मोजलं. एक जाळला, एक उरला.

"मग साक्षीदार कुठे आहेत, अक्का?"

कॉफी तशीच ठेवून मी उठले. बसमध्ये खिडकीला डोकं लावून तेच घोळवत होते. साक्षीदार खळंभर आहेत. हाक त्यांना पाठ आहे. शिवी म्हणून रोज ओरडताहेत. फक्त आपण काय ऐकलं ते त्यांना माहीत नाही. मी सांगितलं असतं तर? मुरली म्हणाला असता, दुःखानं वैनीचं डोकं फिरलंय, अण्णा शिव्याच देत होते. भाषा आम्हा दोन घरांचीच. त्याच्या शब्दापुढे माझा शब्द, आणि गावात नाव त्याचं. नाही. त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

शांभवीला मात्र सांगितलं. ती शनिवारी आली होती, केस पुसत होती. ऐकलं आणि टॉवेल धरून तशीच बसली. मग तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, असा कायदा असता तरी काय झालं असतं? शिक्षेच्या भीतीनं काका धावला असता. मनानं नाही."

"भीतीनं धावला असता तरी तुझे अप्पा आज ह्या ओट्यावर बसले असते," मी म्हटलं. "त्याचं मन घेऊन मी काय करू?"

तिनं टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाली, "तू काय करणार आहेस?"

"भात पिकवणार आहे."

आणि पिकवलं. सांबाचं रोप उपटून दुसऱ्या रानात लावलं, बायकांबरोबर मी स्वतः चिखलात उतरले. कंबर मोडली, नखांखाली चिखल गेला तो निघेना, पायाच्या बोटांत कुजलं, रात्री हळद-तेल लावून चिंध्या बांधायचे. मुरलीला मी सोडला नाही. आता मी त्याला मागून घ्यायला लागले. "मुरली, बांध फुटलाय." "मुरली, खत टाकायचंय." "मुरली, त्या कोपऱ्यातलं तण राहिलंय, पुन्हा वाक." वाकायचा बिचारा. तापात आला एकदा, दात वाजत होते, तरी फवारणीचा पंप पाठीला लावला. मी बांधावर उभी राहिले. घरी जा म्हटलं नाही. पूर्वी म्हटलं असतं.

त्याची आई, आमची ताराबाई काकी, म्हातारीला सगळ्याचा वास येतो. एका दुपारी भिंतीपलीकडून काठी टेकत आली. मी भात पाखडत होते.

"विशालाक्षी, तो झोपत नाही ग. वर्ष होत आलं. अण्णा, अण्णा करून उठतो. तुला काही बोललाय काय?"

"नाही, काकी."

"तुला काही कळलंय काय?"

मी सूप थांबवलं नाही. "काय कळायचं असतं, काकी?"

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं. बोलला असेल कधीतरी आईजवळ, नाहीतर झोपेत बरळला असेल. "एकुलता आहे ग माझा," म्हणाली.

"माझेही एकुलतेच होते," मी म्हटलं. ती काठी टेकत परत गेली. मला तिची दया आली आणि ती मी कोंड्याबरोबर पाखडून टाकली.

मासी आला. भात निघालं. मुरलीनं दोन्ही घरांचं भात खळ्यावर नेलं, राशी पुन्हा शेजारी शेजारी. त्याचा नंबर माझ्या आधी. मी म्हटलं, असू दे. मला आभाळ हवं होतं. रोज उठून पूर्वेकडे बघायचे. लोक ढग येऊ नये म्हणून मारियम्मन देवीला नवस बोलतात, मी यावा म्हणून मनात म्हणत होते. माझंही भात तिथेच उघडं होतं, तरी.

एके दिवशी जेवणवेळेच्या आत ढग चढले. गार वारा सुटला, कोंडा उडून डोळ्यांत जायला लागला. ताडपत्र्या फडफडल्या. मुरलीचं भात काट्यावर चढलं होतं, अर्धी पोती मापून गोदामाला न्यायला त्याच्या गाडीत रचलेली, अर्धी रास उघडी. तो काट्याजवळ उभा राहून आकड्यावर नजर लावून होता. कलियपेरुमाळ पोती उचलून देत होता. सगळं तसंच होतं. फक्त राशीपाशी आज मी होते.

मी ताडपत्री धरली. वाकले. मग घोटा धरून ओरडले, ते ओरडले असतील तसंच, पोटातून.

"मुरली! साप चावला रे! मुरली, साप चावला! गाडी काढ!"

तो पोरगेला गडी खो खो हसला. "ऐका, ऐका! अम्मापण शिव्या देतात!" चार-पाच जण हसले. कलियपेरुमाळही पोतं खांद्यावर घेऊन हसत वळला. "काय मुरली अण्णा, वैनीचा नंबर घेतला काय तुम्ही?"

मी मुरलीकडे बघत होते. त्याचं तोंड राखेसारखं झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग, देवाशपथ सांगते, त्यानं काट्याकडे पाहिलं. पापणी लवावी एवढंच, पण पाहिलं.

आणि मग तो फुटला.

"पांबु!" असा ओरडला की शेडवरचे कावळे उडाले. "पांबु चावलाय वैनीला! हसता काय, पळा! पांबु!"

तो पळत आला. वाटेत पडला, उठला. गाडीत चढून आपली मापलेली पोती लाथांनी खाली ढकलायला लागला. दोन पोती फुटली, भात मातीत सांडलं, त्यानं बघितलं नाही. उडी मारून माझ्यापाशी आला, डोक्याचा पंचा सोडून माझ्या पायाला आवळायला लागला. दोनदा बांधली तरी गाठ बसेना. नाकातून पाणी गळत होतं. आता सगळे धावले होते, भोवती कडं झालं होतं.

"पाय हलवू नका वैनी. बोलू नका. मी नेतो. मी आहे."

मी त्याच्या कानापाशी हळूच विचारलं, "मुरली, मी काय म्हटलं ते कळलं तुला?"

"कळलं वैनी, कळलं. बोलू नका."

"लगेच कळलं?"

"लगेच."

"तेव्हाही लगेच कळलं होतं?"

त्याचे हात थांबले. पंच्याचं टोक बोटांत तसंच राहिलं.

मी उठून उभी राहिले. पंचा सोडला, त्याच्या खांद्यावर टाकला. पदर खोचला. लोक मागे सरकले, सापाचं विष चढलेली बाई अशी उभी राहते कशी म्हणून. मी तमिळमध्ये बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मला काही चावलेलं नाही. ज्या दोन शब्दांवर तुम्ही वर्षभर हसलात, तेच दोन शब्द मी ओरडले. ते ऐकून मुरली काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत. आता ह्यालाच विचारा, त्या शब्दांचा अर्थ काय."

कुणी विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती. कलियपेरुमाळच्या खांद्यावर पोतं अजून होतं. ते त्यानं हळूच खाली ठेवलं. त्याचे ओठ हलत होते, मनात तो जुळवत होता. साबु सावला. पांबु. मग त्यानं त्या पोरगेल्या गड्याकडे पाहिलं, आणि तो गडी तोंडावर हात ठेवून खाली बसला.

"मुरली अण्णा," कलियपेरुमाळ म्हणाला. आवाज अगदी बारीक. "मी विचारलं होतं तुम्हाला. मी विचारलं होतं ना?"

मुरली गुडघ्यांवर होता. सांडलेल्या भातात. माझ्याकडे बघून मराठीत बोलायला लागला. "वैनी, मला वाटलं, एवढं माप झालं की जातो. दोनच पोती राहिली होती. मला वाटलं, पाणसाप असेल. पाणसाप कितीदा चावतो. मग अण्णा गप्प बसले, मला वाटलं बरं वाटतंय. वैनी, मी मुद्दाम नाही..."

"तमिळमध्ये सांग," मी म्हटलं.

"वैनी..."

"माझ्याशी मराठीत बोलू नकोस. मला पहिल्यापासून कळतंय. ह्यांना कळू दे. तमिळमध्ये सांग."

त्यानं सांगितलं. एकेक शब्द, ओकल्यासारखा. काट्यावरचा माणूस बाहेर येऊन ऐकत होता, चहावाला ऐकत होता, बाकीचे शेतकरी हातात दोऱ्या धरून ऐकत होते. दोनच पोती राहिली होती, हे त्यानं तमिळमध्ये सांगितलं तेव्हा एक म्हातारा थुंकला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात पाऊस आला. मोठे थेंब, तिरपे. कडं फुटलं, जो तो आपल्या राशीकडे पळाला. माझ्या राशीवर कलियपेरुमाळ आणि हमालांनी ताडपत्री ओढली, चारी कडांना दगड लावले, मला बोट लावू दिलं नाही. मुरलीची रास उघडी होती. तो उठला, ताडपत्री ओढायला लागला. एक टोक धरलं की वारा दुसरं उचलायचा. ते टोक धरायला गेला की हे सुटायचं. ताडपत्री एकट्याचं काम नव्हे. भात भिजून काळं पडायला लागलं, कडेनं पाण्याबरोबर वाहायला लागलं.

"कुणीतरी एक टोक धरा," तो तमिळमध्ये ओरडला. "कलियपेरुमाळ! एकच टोक!"

हमाल शेडच्या वळचणीला उभे होते. सगळ्यांना ऐकू गेलं. सगळ्यांना समजलं. कुणी हललं नाही. मीही उभी होते. बघत राहणं गुन्हा नाही, वकिलानं मला सांगितलं होतं.

कलियपेरुमाळ माझ्या शेजारी आला. पाणी त्याच्या मिशीतून गळत होतं. "अम्मा," त्यानं विचारलं, "बरोबर कसं म्हणायचं ते?"

"काय?"

"ते दोन शब्द. आम्ही चुकीचे म्हणत होतो."

मी सांगितले. त्यानं म्हणून पाहिलं. साबु नाही, साप. त्यानं पुन्हा म्हटलं. मग तो पोरगेला गडी म्हणाला, मग बाकीचे, एकेक करून, नीट, कुणी हसलं नाही. साप. चावला. साप चावला. पावसाच्या आवाजावर चढून त्यांचा आवाज खळ्याच्या पार टोकापर्यंत जात होता, आणि मुरली ताडपत्रीचं एक टोक धरून तिथं एकटा उभा राहून ऐकत होता.